म्यूट झालेलं 'नाही'

"बी," तौफिक म्हणाला.

"बी, यार. बिल्कुल बी," हर्ष म्हणाला.

गाणं संपलं तरी गोल्डी मांडीवर बोटांनी ताल धरून बसला होता. ड्रमर असा बसला की त्याचं मत वेगळं विचारावं लागत नाही.

मी कन्सोलच्या कडेला हाताची घडी घालून उभी होते. 'ए' माझं होतं.

मी साउंड इंजिनिअर आहे. नोएडातल्या एका स्टुडिओत नोकरी करते. गाणं रेकॉर्ड होतं तेव्हा प्रत्येक वाद्य आणि प्रत्येक आवाज वेगळ्या ट्रॅकवर घेतलेला असतो. ते सगळे ट्रॅक एकमेकांत बसवायचे, कोण पुढे, कोण मागे, कोणाला किती जागा हे ठरवायचं, याला मिक्स म्हणतात. एकाच रेकॉर्डिंगची दोन मिक्स ऐकली तर दोन वेगळे बँड वाटू शकतात. त्या दुपारी तेच चाललं होतं. बँडच्या तिसऱ्या अल्बमचं मिक्स कोणी करायचं यावर एकमत होत नव्हतं. म्हणून एकच गाणं दोघांना दिलं होतं. एक मी, दुसरा गुडगावचा प्रोड्यूसर रोहन मेहरा. ऐकताना नावं सांगायची नाहीत. ए किंवा बी, एवढंच. आमच्या धंद्यात याला शूटआउट म्हणतात. नाव बरोबर आहे. एकजण मरतो.

"अच्छा, तो बी," भाटिया सर म्हणाले. ते स्टुडिओचे मालक. बी कोणाचं हे त्यांना ठाऊक होतं. ते माझ्याकडे बघत नव्हते.

बी चांगलं होतं. हे लिहिताना अजूनही माझे दात आवळले जातात. तौफिकचा आवाज शेजारच्या खुर्चीतून आल्यासारखा येत होता. त्याच्या मागे गिटारची भिंत होती, पण त्या भिंतीला खिडक्या होत्या. माझ्या मिक्समध्येही भिंत होती. खिडक्या नव्हत्या.

आणि हा बँड माझा होता. रोहनचा नव्हता.

दिल्लीच्या आर. के. पुरममध्ये हर्षचं आणि आमचं क्वार्टर एकाच ब्लॉकमध्ये. त्याची आई आणि माझे बाबा दोघंही केंद्र सरकारच्या नोकरीत. बाबा युनियनचे. आमच्या घरी पाहुण्याच्या हातात चहाच्या आधी पत्रक पडायचं. मी अक्षर ओळखायला शिकले ती पत्रकांवर, पाटीवर नाही, असं आई आजही चिडून सांगते. छपाईच्या आधी प्रूफ तपासताना एक प्रत बाबांकडे असायची, एक माझ्याकडे.

"मुक्ता, शेवटच्या ओळीपासून सुरू कर," ते म्हणायचे. "तिथवर येईतो सगळे दमलेले असतात. चुका तिथेच लपतात."

हर्ष गिटार वाजवायचा. गोल्डी त्याचा शाळेतला दोस्त. तौफिक आम्हांला गणपतीत भेटला. तो अंबाजोगाईचा. सिव्हिल सर्व्हिसेसच्या तयारीला दिल्लीत आलेला. जुन्या राजेंद्रनगरात विलास नावाच्या दोस्ताबरोबर एका खोलीत राहायचा. दोघंही आमच्या गणपतीला दर्शनापेक्षा जेवायला आले होते. तयारीतली पोरं मराठी जेवण कुठे आहे ते वासावरून हुडकतात. हर्ष कार्यक्रमासाठी गिटार लावत होता. तौफिक पानावरून उठून त्याच्यापाशी गेला.

"मी लिहितो," तौफिक म्हणाला.

"काय लिहितोस?"

"राग येतो ते."

"अरे वा! कौन सा राग?" हर्षने विचारलं. "यमन? भूप?"

विलास हसता हसता पाण्याचा घोट नाकात जाऊन ठसकला. हर्ष दिल्लीत वाढलेला. त्याच्या मराठीत अर्धे शब्द मराठी आणि अर्धे अर्थ हिंदी. राग म्हणजे संताप हे त्याला त्या दिवशी कळलं. पण त्याची चूक पुढे कामाला आली. पंक म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं की मी म्हणते, राग. आणि मेलोडिक पंक? राग, पण रागात. म्हणजे संताप तोच, फक्त चाल अशी की घरी जाताना गुणगुणावी लागेल.

बँडचं नाव तौफिकने सुचवलं. 'यातायात'. त्याच्या मराठीत यातायात म्हणजे हाल, दगदग. हर्ष आणि गोल्डीने ऐकलं ते ट्रॅफिक. कोणीच कोणाला दुरुस्त केलं नाही. रिंग रोडवर अडकलेल्या माणसाला दोन्ही अर्थ एकदम कळतात.

पहिलं रेकॉर्ड मी हर्षच्या मागच्या खोलीत केलं. स्टुडिओत भिंतींना महागडा फोम असतो, आवाज आदळून परत येऊ नये म्हणून. आमच्याकडे पानिपतची ब्लँकेटं होती. घरातली होती तेवढी लटकवली, कमी पडली तेव्हा तौफिक आणि विलास आपापली अंथरुणं घेऊन आले. आणि त्या खोलीत आम्ही ओरडलो. पंकमध्ये गँग व्होकल्स नावाचा प्रकार असतो. एकजण ओळ गातो आणि ओळीचं शेपूट सगळे मिळून ओरडतात, मोर्चातल्या घोषणेसारखं. हर्ष ओरडला, गोल्डी ओरडला, विलास ओरडला, रेकॉर्डचं बटण दाबून मी धावत आत आले आणि मीही ओरडले. शेजारच्या काकूंनी खिडकी आपटून बंद केली. तो आवाजही रेकॉर्डमध्ये आहे. मी काढला नाही.

ते ओरडणं म्हणजे माझ्यासाठी सजावट नव्हती. ओळ एकट्याने म्हटली की तक्रार होते, सगळ्यांनी म्हटली की मागणी होते. हे मी पुस्तकात वाचलेलं नाही. बाबांच्या खांद्यावर बसून पाहिलेलं आहे.

दुसरं रेकॉर्ड मी या स्टुडिओत नोकरीला लागल्यावर झालं. कानात क्लिक, म्हणजे ठेक्याची टिकटिक, ठेवून वाजवायला सगळे शिकले. गाणी संथ झाली. तौफिक ओरडायचा कमी आणि गायचा जास्त. मला वाटलं, हे मी घडवलं.

मग रोहन आला. एका कॉलेजच्या कार्यक्रमात त्याने बँड ऐकला आणि एक गाणं करून देऊ का, असं विचारलं. ते गाणं आमच्या आधीच्या सगळ्या गाण्यांपेक्षा जास्त ऐकलं गेलं. एका मुलाखतीत तौफिक म्हणाला, "रोहनभाईंनी मला माझा आवाज ऐकवला."

म्हणजे मी एवढी वर्षं काय ऐकवत होते? कुकरची शिटी?

रोहनला शिव्या द्याव्यात तर तो त्यासाठी एकही कारण देत नाही. मेसेजला लगेच उत्तर देतो. मला 'मुक्ताजी' म्हणतो. मी केलेल्या रेकॉर्डिंगची त्याने लेखी तारीफ केली होती. ती मी पुन्हा पुन्हा वाचली. त्यात कुठे कुजकेपणा सापडतो का, ते बघायला. सापडला नाही. त्याने राग आणखी वाढला.

शूटआउटला दिलेल्या गाण्याचं नाव 'पानिपत'. ते विलासवर लिहिलेलं. त्याचे परीक्षेचे सगळे अटेम्प्ट संपले आणि तो केजला परत गेला. तौफिक क्लासहून आला तर ब्लँकेटची घडी, घडीवर खोलीची किल्ली. निरोप घ्यायला तो थांबलाच नव्हता. "माझं पानिपत झालं," एवढंच नंतर फोनवर म्हणाला. त्यानंतर काही महिन्यांनी तौफिकनेही परीक्षा सोडली. पण तो दिल्लीत राहिला, गाण्यासाठी. आपण राहिलो आणि तो गेला, हे त्याला अजून टोचतं.

"पानिपत? वो कंबल वाला?" गोल्डीने विचारलं होतं.

"हो," तौफिक म्हणाला. "तोही."

गाण्याचं धृपद असं होतं:

घडी घालून गेले जे,
किल्ली ठेवून गेले जे,
त्यांना आम्ही विसरणार —
नाही!

'विसरणार' तौफिक एकटा गायचा, लांबवून, श्वास संपेपर्यंत. 'नाही' सगळ्यांनी ओरडायचं. त्या ओरडण्यात मीही होते, पहिल्या रेकॉर्डसारखीच. अल्बम बाहेर येण्याआधी हे गाणं विलासला पाठवायचं, असं तौफिकचं वचन होतं. मिक्स ठरलं की त्याच दिवशी.

मी जीव ओतून मिक्स केलं. गिटार चार थरांची केली. ड्रम्स छातीवर आदळतील असे ठेवले. बास वर, तौफिक वर, गँग त्याच्याही वर. प्रत्येक ट्रॅक मी पुढे आणला, कारण प्रत्येक ट्रॅक मी स्वतः रेकॉर्ड केला होता आणि कोणालाच मागे बसवायला मन होईना.

ए वाजलं तेव्हा खोलीतल्या सगळ्यांनी आदराने मान हलवली. बी वाजलं तेव्हा ते विसरले की आपण परीक्षा घेतोय. पहिल्याच धृपदाला तौफिक उभा राहून गाऊ लागला. 'विसरणार'नंतर तिघंही एकदम ओरडले, "नाही!" शेवटच्या धृपदाला तर भाटिया सरसुद्धा ओरडले. त्यांना मराठी येत नाही.

ओरडली नाही ती एकटी मी. माझ्या मिक्सला त्यांनी नुसती मान हलवली होती. मग यांच्या आनंदात मी कशाला तोंड उघडू?

"एकदा परत लावू का?" निकाल लागल्यावर मी विचारलं. "शेवटचं धृपद."

"का?" हर्षने विचारलं. "झालं की डिसाइड."

"रिव्हर्बचं शेपूट बघायचंय." रिव्हर्ब म्हणजे आवाजाची घुमणारी सावली. मला ती बघायची नव्हती. मला खोट काढायची होती. कुठेतरी गिटार फाटत असेल, कुठेतरी श्वास कापला गेला असेल. आणि खोट शोधायची तर मला एकच रीत माहीत आहे. शेवटच्या ओळीपासून.

मी लावलं. ते तिघं पुन्हा ओरडले. त्यांच्या दंग्यात काही ऐकू येईना, म्हणून मी हेडफोन चढवले आणि शेवटची ओळ पुन्हा मागे घेतली.

*त्यांना आम्ही विसरणार...*

आणि पुढे गिटार. सुंदर, स्वच्छ, उघड्या माळासारखी गिटार.

मी पुन्हा मागे घेतलं. पहिलं धृपद लावलं. दुसरं लावलं. सगळीकडे तेच. रोहनने गँग व्होकल्सचे सगळे ट्रॅक म्यूट केले होते. हर्ष नाही, गोल्डी नाही, मी नाही. आणि त्यामुळे 'नाही'सुद्धा नाही. जे परत गेले त्यांना आम्ही विसरणार. इतक्या गोड आवाजात, इतक्या जवळून, कानात सांगितल्यासारखं. विसरणार.

मी मान वर केली. तौफिक सोफ्यावर मोबाइल घेऊन बसला होता.

"सर, बी की फाइल भेज दीजिए ना," तो म्हणाला. "विलासला पाठवतो. वाट बघतोय तो."

"अभी भेजता हूँ," भाटिया सर म्हणाले आणि कॉम्प्युटरकडे वळले.

त्या क्षणी माझ्या मनात काय आलं ते लिहिते. गप्प बसावं असं आलं. फाइल जाऊ दे. विलास ऐकू दे. ज्याने निरोप घेतला नाही त्याला त्याचा दोस्त गाण्यातून सांगतोय की आम्ही तुला विसरणार. मग रोहनभाईंनी काय ऐकवलं ते सगळ्यांना कळेल. मला एक शब्दही बोलावा लागणार नाही.

आणखी एक गोष्ट आली. हे मी बोलले तर ते म्हणतील, तुझा आवाज काढला म्हणून तू बोलतेस.

पण चूक दिसली आणि पत्रक तसंच छापायला सोडलं, असं आमच्या घरात कधी झालेलं नाही. विरोधी युनियनच्या पत्रकातली चूकसुद्धा बाबा फोन करून कळवायचे. मग सविस्तर भांडायचे.

"सर, रुकिए," मी म्हणाले. "मत भेजिए. 'नाही' गेलंय."

"काय गेलंय?" तौफिकने विचारलं.

"'नाही'. 'विसरणार नाही'मधलं 'नाही'. बीमध्ये ते कुठेच नाहीये."

"आहे की. आत्ता ऐकलं मी."

"ऐकलं नाहीस. ओरडलास."

हर्ष हसला. "मुक्ता, यार, हरलीस तर हरलीस. चलो, मी समोसे मागवतो."

मी हेडफोन काढून तौफिकच्या डोक्यावर चढवले आणि ओळ लावली. तो सवयीने तोंड उघडायला लागला. मी त्याच्या तोंडावर हात ठेवला.

ओळ संपली. माझ्या तळहाताखाली त्याचे ओठ 'ना'साठी उघडले आणि तसेच राहिले.

त्याने हेडफोन काढले. मोबाइल उलटा करून सोफ्यावर ठेवला. मग हर्षला हेडफोन दिले. हर्षने ऐकलं आणि त्याचं हसू गेलं. मग गोल्डीने ऐकलं.

"तो क्या हुआ?" गोल्डी म्हणाला. "चिल्लाना ही तो निकाला है."

"गोल्डी, त्याने अर्थ उलटा झाला," मी म्हणाले. "आता गाणं म्हणतंय, हम उन्हें भूल जाएँगे."

"हैं?" तो खरंच चकित झाला. "मेरे को लगा गाना यही कहता है! मतलब तौफिक बोलता है, भूल जाएँगे. और हम सब बोलते हैं, नहीं! जैसे उसको डाँट रहे हों."

तौफिक त्याच्याकडे बघतच राहिला. इतक्या तालमी आणि इतके कार्यक्रम गोल्डी घसा फोडून 'नाही' ओरडत होता आणि त्याच्या मते तो तौफिकशी भांडत होता.

पण चूक गोल्डीची नव्हती. हिंदीत 'नहीं' क्रियापदाच्या आधी येतं. नहीं भूलेंगे. दिल्लीतल्या मोर्चात घोषणा असते, नहीं चलेगी, नहीं चलेगी. नकार आधी, बाकीचं मागून. मराठीत आपण सगळं वाक्य बोलून होईपर्यंत नकार खिशात ठेवतो. चालणार नाही. जमणार नाही. विसरणार नाही. हिंदी कानाला 'विसरणार'पाशी वाक्य पुरं झालं असं वाटतं. त्यापुढचं 'नाही' म्हणजे गर्दीचा आवाज.

भाटिया सरांनी रोहनला फोन लावला. स्पीकरवर ठेवला. मला त्याच्या तोंडून सबब ऐकायची होती. मी कन्सोलवर दोन्ही हात टेकून, वाकून, कान देऊन उभी होते.

मी सांगितलं.

"हे भगवान," रोहन म्हणाला. "मुक्ताजी, ट्रॅक का नाम गँग था. मुझे लगा पुराने रिकॉर्ड वाला शोर है. लीड के सुर में घुस रहा था, इसलिए पूरा बंद कर दिया. ये तो बहुत बड़ी गलती है. आपने पकड़ ली, थँक यू."

सबब नाही. वाद नाही. उलट आभार. माणूस इतका सभ्य असेल तर समोरच्याने करायचं काय?

"मग?" मी खोलीकडे वळून विचारलं. आवाज साधा ठेवायचा प्रयत्न केला. "आता काय ठरवायचं?"

मला वाटत होतं, आता ए. ज्याला वाक्य कळत नाही त्याच्या हातात अल्बम कसा देणार? हा प्रश्न माझ्या मते सुटलेला होता. तौफिक सोफ्यावरून उठून माझ्यापाशी आला.

"मुक्ता," तो म्हणाला. "तुझ्यात 'नाही' आहे. पण तुझ्यात सगळंच आहे. विलासला मी काय सांगतोय, ते तुझ्या मिक्समध्ये कळत नाही गं. गिटारच कळते."

"म्हणजे बी."

"बी. पण 'नाही'सकट. ते तू बसव. त्याला कळणार नाही ते कुठे पडतं."

मी जिंकायला तोंड उघडलं होतं. त्यातून मी माझ्या प्रतिस्पर्ध्याचं मिक्स दुरुस्त करायचं काम मिळवलं.

"बेटा, कर दो," भाटिया सर म्हणाले. त्यांचा सूर फार मऊ होता. त्याचाच जास्त राग आला.

रोहनने त्याचं सगळं सेशन पाठवलं. सेशन म्हणजे मिक्स ज्यात केलं ती उघडी फाइल. त्यात दुसऱ्याने काय काय केलं ते सगळं दिसतं. मी ते उघडलं. इथे काहीतरी मंत्र असेल, माझ्याकडे नसलेलं एखादं यंत्र असेल, असं वाटलं होतं. तसं काही नव्हतं. त्याने माझ्या चार गिटारांपैकी दोन बंद केल्या होत्या आणि तौफिकला जागा दिली होती. एवढंच. मला न जमलेली गोष्ट त्याने काहीही न लावता, नुसती काढून केली होती.

मी गँगचे ट्रॅक चालू केले. भयंकर वाटलं. शांत खोलीत वरात घुसावी तसं. हळू केले तर केविलवाणं वाटायला लागलं. तीन माणसं पांघरुणात तोंड घालून 'नाही' म्हणताहेत. रोहनने ते का काढलं ते मला ऐकू आलं आणि हे त्याला कधीही सांगायचं नाही असं मी ठरवलं.

"नवीन रेकॉर्ड करू," मी म्हणाले. "माइकपासून लांब उभं राहून. आणि ओरडायचं नाही. म्हणायचं."

तिघं आतल्या खोलीत गेले. मी काचेच्या बाहेर कन्सोलपाशी बसले. हर्षने काचेवर टकटक केलं.

"तू पण आत ये."

"रेकॉर्ड कोण दाबणार?"

"सर दाबतील."

भाटिया सरांनी स्टुडिओ काढला, पण या खुर्चीत ते कधी बसले नव्हते. "लाल वाला ना?" त्यांनी विचारलं.

"हाँ सर. एक ही बार."

आम्ही चौघं उभे राहिलो. विलासची जागा रिकामी होती. तौफिकने ती मुद्दाम सोडली होती. 'नाही' झालं. साधं, सपाट, घोषणेसारखं नाही, उत्तरासारखं. सरांनी बटण दोनदा दाबलं होतं, त्यामुळे पहिला टेक गेला. दुसरा टेक मिळाला.

आता त्याला जागा हवी होती. 'विसरणार'च्या मागे लगेच गिटार उसळायची आणि 'नाही' तिच्याखाली चेंगरायचं. फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायची पट्टी, वर केला तरी चेंगरायचं. मी थकून खुर्चीत मागे टेकले. मग आठवलं की हे मला कधीपासून माहीत आहे. सगळी पत्रकं ठळक टाइपात छापायचा हट्ट मी लहानपणी करायचे. बाबा म्हणायचे, सगळंच ठळक केलं तर ठळक काय राहिलं? एखादी ओळ दिसायला हवी असेल तर तिच्या भोवती कोरं सोड.

मी गिटार बंद केल्या. बास बंद केला. ड्रम्स बंद केले. फक्त त्या एका शब्दापुरते. 'विसरणार' विरत जातं, खाली काहीच नाही, एक कोरी जागा, त्यात चौघांचं 'नाही', आणि मग सगळी वाद्यं एकदम परत.

तौफिक ऐकत होता. या वेळी तो ओरडला नाही. त्याने फाइल विलासला पाठवली आणि बाहेर जाऊन उभा राहिला.

रोहनला पाठवली तेव्हा त्याचं उत्तर लगेच आलं. गाण्यातली सगळ्यात चांगली जागा ही आहे, असं त्याने लिहिलं. पूर्ण अल्बम त्यानेच मिक्स केला. माझं नाव रेकॉर्डिंगला आहे. ते एरवीही असतंच.

'पानिपत' बाहेर आलं तेव्हा ज्यांनी त्यावर लिहिलं त्यातल्या बहुतेकांनी त्या शांततेबद्दल लिहिलं. प्रोड्यूसरची समज, प्रोड्यूसरचा संयम. एकाने तर रोहन मेहराने या बँडला गप्प राहायला शिकवलं, असं लिहिलं. त्या लेखासाठी रोहनने बोलताना माझं नाव घेतलं होतं म्हणे. त्यानेच फोन करून सांगितलं, फार वाईट वाटत असल्यासारखं. छापताना ते गेलं. शेवटच्या ओळीत असेल.

विलासचा फोन तौफिकला आला नाही. मला आला. आम्ही फारसे बोलत नसू, म्हणून मी दचकले.

"ते 'नाही' म्हणण्यात तू आहेस ना गं?" त्याने विचारलं.

"आहे."

"डाव्या कानात?"

"हो. का?"

"काही नाही. पहिल्या रेकॉर्डला माझ्या शेजारी उभी राहून कानठळ्या बसवल्या होत्यास. डाव्याच." मग म्हणाला, "तौफिकला सांग, पोचलं. मी बोललो तर रडेल तो."

रोहनचा मला अजूनही हेवा वाटतो. त्याच्या मिक्सचा, त्याच्या सभ्यपणाचा, तौफिक त्याला 'भाई' म्हणतो त्याचा. ते जाईल असं मला वाटत नाही, आणि ते घालवायचा मी प्रयत्नही करत नाही. त्या दुपारी खोलीत हेव्यापायी तोंड मिटून बसलेली मी एकटीच होते, म्हणून मला ऐकू आलं.

बाकी धंद्याची एकच गोष्ट सांगते. मराठी गाणं मिक्स करायला घ्याल तर क्रियापदापाशी फेडर खाली आणू नका. आमच्याकडे निकाल त्याच्या नंतर लागतो.